जुना मेल मोजून ताब्यात आल्याशिवाय जुने खाते बंद करू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

संस्था आणि कार्यालये आपला ईमेल एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडे नेतात तेव्हा सगळ्यांचे लक्ष नव्या मेलवर असते. नव्या ठिकाणी मेल येऊ लागला की काम झाले असे समजून जुन्या सेवेचे नूतनीकरण थांबवले जाते. मग कधीतरी कोणी पाच वर्षांपूर्वीचे मंजुरीचे पत्र शोधायला जाते आणि ते कुठेच सापडत नाही. नवा मेल नव्या ठिकाणी येणे आणि जुना मेल नव्या ठिकाणी जाणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले डीएनएसमधल्या (इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नोंदवहीतल्या) नोंदी बदलून होते. दुसरे आपोआप कधीच होत नाही, कोणीतरी बसून करावे लागते. मेल सर्व्हरची देखभाल करणारे आम्ही काही वाचक या दुसऱ्या कामाबद्दल सविस्तर लिहीत आहोत, कारण त्यात गमावलेली गोष्ट परत मिळत नाही.

आधी मेल आहे कुठे ते शोधा. आयमॅप आणि पॉप या सर्व्हरवरचा मेल वाचण्याच्या दोन पद्धती आहेत. संगणकावरचा मेल-प्रोग्राम आयमॅपने जोडलेला असेल (खात्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट ९९३ किंवा १४३) तर मूळ मेल सर्व्हरवर असतो आणि संगणकावर दिसते ती त्याची प्रत. पॉपने जोडलेला असेल (पोर्ट ९९५ किंवा ११०) तर मेल बहुधा संगणकावर उतरवून सर्व्हरवरून पुसलेला असतो. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण केलेली असेल तरच तो तिथे मिळेल. एकाच कार्यालयात दहा जण आयमॅपवर आणि दोघे वर्षानुवर्षे पॉपवर, असे नेहमी दिसते. त्या दोघांचा सर्व्हरवरचा मेलबॉक्स जवळजवळ रिकामा असतो. सर्व्हर ते सर्व्हर नकल केली की हा रिकामा मेलबॉक्स प्रामाणिकपणे रिकामाच नकलला जातो आणि अहवालात ‘यशस्वी’ अशी नोंद होते. म्हणून प्रत्येक संगणकावर जाऊन खात्याचा प्रकार पाहावा, थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममधले ‘लोकल फोल्डर्स’ आणि आउटलुकच्या पीएसटी (संगणकावर मेल साठवणाऱ्या) फाइल्स शोधाव्यात. त्यातला मेल नव्या खात्यात त्याच प्रोग्राममधून चढवावा लागतो.

पीएसटीबद्दल एक सूचना. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या प्रकारच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती, २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी आहे. मर्यादेजवळ पोचलेली फाइल उघडण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. ओएसटी फाइल ही पीएसटी नव्हे. ती सर्व्हरवरच्या मेलची तात्पुरती नक्कल आहे आणि खाते काढले की तिचा आधार जातो. त्यामुळे मेल नव्या ठिकाणी पोचल्याची खात्री होईपर्यंत जुने खाते संगणकातून किंवा फोनमधून काढू नये. ‘जुने खाते काढा आणि नवे जोडा’ हा सल्ला फार सहज दिला जातो. त्यातला पहिला अर्धा भाग शेवटी करायचा असतो.

दुसरा असाच सल्ला: सगळा जुना मेल नव्या पत्त्यावर फॉरवर्ड करा. हे अजिबात करू नये. फॉरवर्ड केलेला मेल म्हणजे तुम्ही आज लिहिलेला नवा मेल. त्यावर पाठवणारे म्हणून तुमचे नाव येते, तारीख आजची लागते, मूळ शीर्ष-ओळी (हेडर) जातात. तो मेल कोणत्या सर्व्हरवरून, कधी, कोणाकडून आला हे सांगणाऱ्या ‘रिसीव्ह्ड’ ओळी आणि डीकेआयएमची (मेल खरोखर त्या डोमेनवरून आला हे पटवणारी) सही यांतले काही उरत नाही. उद्या वाद झाला आणि एखादा मेल पुरावा म्हणून दाखवायची वेळ आली तर फॉरवर्ड केलेल्या प्रतीचे मोल फारच कमी असते. मेल जसा आहे तसा, एकही अक्षर न बदलता नव्या सर्व्हरवर ठेवता येतो. मग असा तोडगा कशाला?

एक-दोन मेलबॉक्स आणि काही हजार मेल असतील तर थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये जुने आणि नवे अशी दोन्ही खाती आयमॅपने जोडून फोल्डर ओढता येतात. मात्र ‘मूव्ह’ न करता ‘कॉपी’ करावी. मूव्हमध्ये प्रत पोचली की मूळ मेल पुसला जातो, आणि मध्येच नेट तुटले तर काय गेले आणि काय राहिले याचा हिशेब लागत नाही. एका वेळी ५०० ते १,००० मेल निवडावेत. चाळीस हजार मेल एकदम निवडून ओढले की प्रोग्राम तासभर गोठतो आणि कुठे थांबला ते सांगत नाही. पुन्हा सुरू केले की आधी पोचलेल्या मेलच्या दुसऱ्या प्रती होतात.

यापेक्षा मोठ्या कामाला आयमॅपसिंक हे मेल नेणारे साधन वापरावे. ते दोन्ही सर्व्हरवर आयमॅपने लॉगिन करते आणि फोल्डरमागून फोल्डर घेत, नव्या बाजूला नसलेला मेल तेवढा नेते. मेल ओळखण्यासाठी ते मुळात ‘मेसेज-आयडी’ आणि ‘रिसीव्ह्ड’ या शीर्ष-ओळी पाहते, म्हणून तेच काम पुन्हा चालवले तरी दुबार प्रती होत नाहीत. हा गुण फार मोठा आहे, कारण एका फेरीत मायग्रेशन (मेलचे स्थलांतर) संपत नसतेच. या दोन्ही ओळी नसलेले मेल, मुख्यतः मसुदे आणि काही जुने पाठवलेले मेल, ते सोडून देते. ‘अ‍ॅडहेडर’ हा पर्याय दिला की अशा मेलला ओळख-ओळ जोडून नेले जाते. अहवालाच्या शेवटी सोडलेल्या मेलचा आकडा असतो. तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्रम असा ठेवावा. आधी ‘जस्टलॉगिन’ देऊन दोन्हीकडे प्रवेश मिळतो का ते पाहा. मग ‘जस्टफोल्डरसाइझेस’ने प्रत्येक फोल्डरमधले मेल आणि त्यांचा आकार छापून तो कागद जपून ठेवा, शेवटी मोजणी याच कागदाशी ताडायची आहे. त्यानंतर ‘ड्राय’ देऊन कोरडी फेरी. यात काहीही हलत नाही, पण कोणता फोल्डर कुठे जाणार ते दिसते. हे तिन्ही पाहून झाल्यावर खरी फेरी. ‘डिलीट१’ आणि ‘डिलीट२’ हे पर्याय अर्थ पुरता कळल्याशिवाय वापरू नयेत. पहिला जुन्या बाजूचा मेल नेल्यावर पुसतो. दुसरा नव्या बाजूला असलेला पण जुन्या बाजूला नसलेला मेल पुसतो. नवा मेल नव्या सर्व्हरवर येऊ लागल्यानंतर कोणी ‘डिलीट२’ देऊन शेवटची फेरी चालवली तर त्या काळात आलेला सगळा ताजा मेल जातो, कारण तो जुन्या बाजूला कधी नव्हताच.

वेळेचा अंदाज जीबीवर बांधू नका, मेलच्या संख्येवर बांधा. प्रत्येक छोट्या मेलसाठी सर्व्हरशी बोलणे तेवढेच करावे लागते. सेकंदाला चार मेल या वेगाने ४०,००० मेलना १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतात, मग ते सगळे मिळून १ जीबी असोत की ३ जीबी. वेग कळण्यासाठी एक मध्यम आकाराचा मेलबॉक्स आधी नेऊन पाहावा आणि त्याच वेगाने बाकीच्यांचे गणित मांडावे.

आता तारखांबद्दल, कारण बिघडलेली मायग्रेशने आम्ही पाहतो त्यांत हा दोष वारंवार आढळतो. प्रत्येक मेलला दोन तारखा असतात. एक मेलच्या आत, ‘डेट’ या ओळीत, पाठवणाऱ्याच्या संगणकाने घातलेली. दुसरी सर्व्हरने आपल्यापाशी नोंदवलेली, हा मेल पेटीत कधी पडला त्याची. आयमॅपमध्ये तिला ‘इंटर्नलडेट’ म्हणतात. नव्या सर्व्हरवर मेल ‘अपेंड’ या आज्ञेने टाकला जातो आणि त्या आज्ञेत ही दुसरी तारीख देणे ऐच्छिक आहे. दिली नाही तर सर्व्हर टाकण्याची वेळच तारीख म्हणून लावतो. आयमॅपसिंक ती मुळातच जपते. मेल-प्रोग्राममधून ओढलेल्या मेलबाबत मात्र तशी हमी नाही, कारण काही प्रोग्राम ती पाठवतात, काही नाही.

न पाठवल्यास काय होते? दहा वर्षांचा मेल एकाच शनिवारच्या तारखेचा दिसतो. ‘मिळाल्याची तारीख’ या स्तंभाने लावलेली यादी कोलमडते. फोनवर ‘गेल्या एका महिन्याचा मेल’ एवढेच मागितलेले असते, पण आयमॅपमधला ‘सिन्स’ हा शोध इंटर्नलडेटच पाहतो, त्यामुळे फोन दहा वर्षांचा मेल उतरवायला घेतो. ‘अमुक दिवसांपेक्षा जुना मेल पुसा’ असा नियम सर्व्हरवर असेल तर तोही चुकीच्या तारखेपासून मोजू लागतो. म्हणून कोणत्याही साधनाने काम करा, आधी दहा वेगवेगळ्या वर्षांतले दहा मेल नेऊन दोन्ही तारखा ताडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे.

सर्व्हरवर थेट प्रवेश असलेल्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही एक स्वतंत्र फाइल असते आणि डव्हकॉट हा सर्व्हर त्या फाइलच्या बदलाची वेळ हीच इंटर्नलडेट धरतो. साध्या कॉपीने किंवा वेळ न जपणाऱ्या एससीपीने (फाइल दुसऱ्या यंत्रावर नेणाऱ्या आज्ञेने) फाइल्स नेल्या की सगळ्या तारखा आजच्या होतात. आरसिंक हे नकल करणारे साधन ‘ए’ पर्यायासह चालवले की वेळ, मालकी आणि परवानग्या टिकतात. चूक होऊन गेली असेल आणि जुना सर्व्हर अजून जिवंत असेल तर तेच आरसिंक पुन्हा चालवून वेळा दुरुस्त होतात. जुना सर्व्हर नसेल तर प्रत्येक फाइलमधली सर्वांत वरची ‘रिसीव्ह्ड’ ओळ वाचून फाइलची वेळ तशी लावणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते आणि त्यानंतर डव्हकॉटचा इंडेक्स (मेलची सूची) पुन्हा बांधावा लागतो, नाहीतर तो आधी साठवलेली चुकीची तारीखच दाखवत राहतो.

मेलडिरमध्ये वाचलेला, उत्तर दिलेला, तारांकित या खुणा फाइलच्या नावातच असतात. नावाच्या शेवटी अपूर्णविराम (:), दोनचा आकडा, स्वल्पविराम आणि मग अक्षरे. हा अपूर्णविराम काही फाइल-प्रणालींना चालत नाही. मधल्या टप्प्यासाठी विंडोज संगणकावरची बाह्य डिस्क वापरली तर नावे बदलतात किंवा फाइल्स नाकारल्या जातात, आणि सगळा मेल न वाचलेला म्हणून समोर येतो. न्यायचाच असेल तर आधी टार फाइलमध्ये (सगळ्या फाइल्सच्या एकाच गाठोड्यात) बांधून न्यावा. शिवाय ‘डव्हकॉट-यूआयडीलिस्ट’ ही फाइल प्रत्येक फोल्डरबरोबर गेलीच पाहिजे. तीत प्रत्येक मेलचा क्रमांक असतो. ती हरवली की सर्व्हर नवे क्रमांक देतो, आणि मेल-प्रोग्राम आपल्याकडची नक्कल टाकून सगळे पहिल्यापासून उतरवतात. पन्नास जणांचा प्रत्येकी ५ जीबी मेल असेल तर कामाच्या पहिल्या सकाळी २५० जीबी एकदम मागितले जाते आणि नवा सर्व्हरच निकामी आहे असा सर्वांचा समज होतो.

नव्या बाजूला डव्हकॉट असेल तर त्याचे स्वतःचे ‘डव्हअ‍ॅडम बॅकअप’ हे साधन जुन्या सर्व्हरवरून आयमॅपने मेल खेचताना हे क्रमांकही जपू शकते. जमत असेल तिथे आम्ही तेच निवडतो. पॉप वापरणाऱ्यांसाठीही क्रमांक महत्त्वाचे आहेत. पॉपमध्ये कोणता मेल उतरवला हे प्रोग्राम ‘यूआयडीएल’ या ओळखीवरून लक्षात ठेवतो. ती बदलली की सर्व्हरवर ठेवलेला सगळा मेल नवा समजून पुन्हा उतरतो.

हार्डडिस्कवर जागा आहे एवढे पाहून थांबू नका. फाइल्सच्या संख्येलाही मर्यादा असते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-प्रणालीत नेहमीच्या मांडणीत दर १६ केबीला एक आयनोड (एका फाइलची नोंद ठेवणारी जागा) मिळतो. सरासरी मेल त्यापेक्षा लहान असतील तर डिस्क अर्धी मोकळी असतानाही नवी फाइल बनवता येत नाही आणि ‘जागा नाही’ अशी तक्रार येते. डीएफ ही आज्ञा ‘आय’ पर्यायासह देऊन आयनोड तपासावेत. कोट्याचेही तसेच. एका मेलबॉक्सचा कोटा मध्यरात्री भरला तर पुढचे सगळे मेल नाकारले जातात, म्हणून मायग्रेशनच्या काळात कोटा जुन्या आकाराच्या दीडपट ठेवावा.

फोल्डरांची नावे हा दुसरा मोठा विषय. काही सर्व्हरवर सगळे फोल्डर ‘इनबॉक्स’च्या पोटात असतात आणि नावांमध्ये टिंब येते, काहींवर ते इनबॉक्सच्या शेजारी असतात आणि तिरकी रेघ येते. साधन हे बहुधा ओळखून घेते. पण फोल्डरच्या नावातच टिंब असेल, समजा ‘क्र. १२’, तर ‘क्र’ नावाचा फोल्डर आणि त्यात ‘१२’ असे काही तयार होऊ शकते. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरला कुठे ‘सेंट’, कुठे ‘सेंट आयटम्स’, कुठे ‘सेंट मेसेजेस’ म्हणतात. जुळणी केली नाही तर नव्या बाजूला असे दोन-तीन फोल्डर दिसतात आणि लोक म्हणतात की पाठवलेला मेल गेला. मेल असतो, शेजारच्या फोल्डरमध्ये. आयमॅपसिंकचा ‘ऑटोमॅप’ पर्याय नेहमीच्या नावांची जुळणी करतो. बाकीची कोरड्या फेरीत पाहून हाताने लावावीत.

आपल्या लिपीतल्या नावांकडे खास लक्ष द्यावे लागते. २००३ च्या आयमॅप मानकात फोल्डरांची नावे सुधारित यूटीएफ-७ या संकेतात जातात. ‘पावत्या’ हा फोल्डर सर्व्हरवर अँपरसँडने (&) सुरू होणारी अनाकलनीय अक्षरमाळ म्हणून बसलेला असतो. २०२१ च्या नव्या मानकाने यूटीएफ-८ आणले, पण जुने सर्व्हर जुनाच संकेत वापरतात. डिस्कवर थेट पाहणाऱ्याला ही अक्षरमाळ कचरा वाटते आणि तो ती पुसतो किंवा नाव बदलतो. असे मुळीच करू नये. दुसरे असे की या संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सुमारे पावणेतीन अक्षरे लागतात आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हे मोजली जातात. मेलडिरच्या प्रचलित मांडणीत पोटफोल्डरचा सगळा मार्ग एकाच डिरेक्टरीच्या नावात येतो आणि ते नाव २५५ बाइट्सपेक्षा लांब चालत नाही. म्हणजे सगळे मिळून साधारण ९० चिन्हे. चार पातळ्यांची लांबलचक मराठी नावे असतील तर नकल तिथे अडते. अशी नावे जुन्या बाजूलाच आखूड करून घ्यावीत.

जीमेलमधून मेल काढायचा असेल तर त्याची रचना समजून घ्यावी. तिथे फोल्डर नसतात, लेबले असतात, आणि आयमॅपला ती फोल्डरांसारखी दिसतात. एकच मेल इनबॉक्स, एखादे लेबल आणि ‘ऑल मेल’ अशा तीन ठिकाणी दिसतो. तसाच नेला तर नव्या बाजूला खरोखरच्या तीन प्रती होतात आणि कोटा फुगतो. यावर ‘ऑल मेल’ वगळा असे सर्रास सांगितले जाते. ते धोक्याचे आहे. अर्काइव्ह केलेला आणि लेबल नसलेला मेल फक्त ‘ऑल मेल’मध्येच असतो. त्याला वगळले की तो मेल मागे राहतो. बरोबर पद्धत अशी, की ‘ऑल मेल’ सर्वांत शेवटी घ्यायचा आणि आधीच्या फोल्डरांत गेलेला मेल त्यातून गाळायचा. आयमॅपसिंकमध्ये त्यासाठी ‘फोल्डरलास्ट’ आणि ‘स्किपक्रॉसडुप्लिकेट्स’ हे पर्याय आहेत.

गूगलने आयमॅपवर रोजची मर्यादाही ठेवली आहे: उतरवायला २,५०० एमबी, चढवायला ५०० एमबी. १२ जीबीचा मेलबॉक्स जीमेलमधून काढायला पाच दिवस लागतात आणि तोच जीमेलमध्ये आयमॅपने घालायला चोवीस. मर्यादा ओलांडली की खाते काही काळ आयमॅपला बंद होते. त्यामुळे शुक्रवारी रात्री सुरू करून सोमवारी संपवू हे आश्वासन कोणी देत असेल तर त्याला मेलबॉक्सचे आकार आधी विचारा.

पासवर्डबाबत. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या मेलसेवेवर साध्या पासवर्डने आयमॅप वापरणे टप्प्याटप्प्याने बंद केले. जीमेललाही नेहमीचा पासवर्ड चालत नाही, दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून घेतलेला अ‍ॅप पासवर्ड किंवा ओऑथ (पासवर्ड न देता परवानगी देण्याची पद्धत) लागते. पासवर्ड बरोबर असूनही ‘लॉगिन अयशस्वी’ येते त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. सगळ्यांचे पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये गोळा करून ती मेलने फिरवण्याची पद्धत मात्र आम्हाला अस्वस्थ करते. डव्हकॉटसारख्या सर्व्हरवर ‘मास्टर यूजर’ बनवता येतो. त्याने कोणाचाही पासवर्ड न विचारता सगळे मेलबॉक्स नेता येतात आणि काम झाले की तो एक यूजर काढून टाकला की संपले. ते शक्य नसेल तर तात्पुरते पासवर्ड लावा आणि नंतर बदला. पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहू नका, त्या यंत्रावरच्या इतरांना चालू प्रक्रियांच्या यादीत तो दिसतो. आयमॅपसिंकला तो फाइलमधून देता येतो.

जोडणीच होत नसेल तर टीएलएसची (जोडणी गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीची) आवृत्ती पाहा. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये मानकांतून बाद झाले. नव्या यंत्रावरची साधने त्या आवृत्त्या नाकारतात आणि जुना सर्व्हर त्यापुढचे बोलू शकत नाही. अशा वेळी जुन्या सर्व्हरला इंटरनेटवर ढिला सोडण्यापेक्षा दोन्ही यंत्रांमध्ये एसएसएचचा (सुरक्षित जोडणीचा) बोगदा करून त्यातून मेल न्यावा. मधेच जोडणी तुटत असेल तर जुन्या सर्व्हरवरचे फेलटूबॅन हे संशयास्पद जोडण्या अडवणारे साधन मायग्रेशनच्या यंत्राला हल्लेखोर समजत नाही ना, ते पाहून त्या यंत्राचा पत्ता अपवादात घालावा.

मोठे मेल अडकतात त्याचे गणित असे. अटॅचमेंट बेस६४ या मजकुरी संकेतात जाते तेव्हा तीन बाइट्सचे चार होतात, ओळींचे शेवट धरून सुमारे ३७ टक्के वाढ होते. २० एमबीची फाइल म्हणजे २७ एमबीचा मेल. नव्या सेवेची मर्यादा २५ एमबी असेल तर तो बसत नाही, भले जुन्याकडे तो आरामात राहत होता. असे मेल अहवालात नोंदवलेले असतात. ते एकेक फाइल म्हणून जतन करून संबंधितांना द्यावेत.

आता एमएक्स बदलण्याबद्दल. मेल कुठे पोचवायचा हे डीएनएसमधली एमएक्स नोंद सांगते आणि ती किती वेळ लक्षात ठेवायची हे टीटीएल सांगते. टीटीएल ८६,४०० सेकंद असेल तर तो बदलाच्या आदल्या दिवशीच, पूर्ण चोवीस तास हातात ठेवून, ३०० वर आणावा. बदलाच्या क्षणी कमी करून उपयोग नसतो, जुना आकडा जगभरात आधीच पाठ झालेला असतो. त्याआधी मोठी नकल संपलेली असावी. एमएक्स बदलला की एक फेरी, आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक. जुन्या नोंदीवर विसंबलेला मेल तोवर जुन्या सर्व्हरवर पडत असतो.

मधल्या काळात काही मिनिटे सर्व्हर बंद राहिला म्हणून घाबरू नये. एसएमटीपीच्या (मेल पोचवण्याच्या पद्धतीच्या) मानकानुसार पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि साधारण चार ते पाच दिवसांनीच हार मानतो. भीती सर्व्हर बंद असण्याची नाही. सर्व्हर चालू आहे पण त्यावर तो मेलबॉक्सच नाही, ही स्थिती वाईट, कारण मग ‘असा पत्ता नाही’ असे कायमचे उत्तर जाते आणि मेल लगेच परत फिरतो. नव्या बाजूला सगळे मेलबॉक्स, उपनावे आणि गटपत्ते तयार असल्याशिवाय एमएक्सला हात लावू नये.

इथेच एक सापळा आहे आणि तो वारंवार लागतो. संकेतस्थळ जुन्या होस्टिंगवरच राहते, फक्त मेल नव्या सेवेकडे जातो. बाहेरचा मेल व्यवस्थित नव्या ठिकाणी येतो, पण संकेतस्थळावरच्या संपर्क-अर्जातून येणारा मेल थांबतो. कारण जुना सर्व्हर अजून स्वतःला त्या डोमेनचा मालक समजतो. तो एमएक्स विचारतच नाही, मेल आपल्याच जुन्या पेटीत टाकतो. तिथे कोणी पाहत नाही, पाठवणाऱ्याला चूकही कळत नाही. सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-फलकात मेल राउटिंग ‘लोकल’ वरून ‘रिमोट’ करावे लागते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये ते डोमेन स्थानिक डोमेनांच्या यादीतून काढून ‘रिले डोमेन्स’मध्ये घालावे आणि ट्रान्सपोर्टच्या तक्त्यात नव्या सर्व्हरचा पत्ता द्यावा. मग जुन्या दारावर आलेला मेलही पुढे नव्या घरी जातो. त्याच होस्टिंगवरच्या दुसऱ्या ग्राहकांनी पाठवलेल्या मेललाही हेच लागू आहे.

एसपीएफची नोंद (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात हे सांगणारी) एकच असते. नव्या सेवेने दिलेली ओळ जुनीच्या शेजारी दुसरी नोंद म्हणून टाकली की दोन्ही निकामी ठरतात. एकाच नोंदीत काही दिवस दोन्ही सर्व्हर लिहावेत, डीएनएसच्या शोधांची मर्यादा १० आहे हे लक्षात ठेवून. डीकेआयएमला नवा सिलेक्टर (सहीच्या किल्लीचे नाव) घ्यावा आणि जुना आठवडाभर तरी ठेवावा, वाटेत असलेल्या मेलची सही त्यावरच तपासली जाते.

आयमॅपने फक्त मेल जातो. पत्त्यांची वही, दिनदर्शिका, चाळण्या (फिल्टर), रजेवरची स्वयंचलित उत्तरे, फॉरवर्डची नेमणूक यांतले काहीही त्याबरोबर येत नाही. पत्ते व्हीसीएफमध्ये, दिनदर्शिका आयसीएस फाइलमध्ये काढून घ्यावी. सिव्ह पद्धतीच्या चाळण्या असतील तर त्यांची फाइल उचलता येते, पण तीत लिहिलेली फोल्डरांची नावे नव्या नावांशी जुळवावी लागतात.

शेवटची तपासणी प्रत्येक मेलबॉक्सची वेगळी करावी. आधी छापलेल्या कागदातल्या प्रत्येक फोल्डरच्या संख्येशी नवी संख्या ताडावी. फरक असेल तर त्याचे कारण नावानिशी सांगता आले पाहिजे: अमुक मेल मोठे होते, अमुक दुबार होते, अमुक ‘पुसायचे’ अशी खूण केलेले होते. कारण सांगता येत नसेल तर काम संपलेले नाही. सर्वांत जुना मेल, अटॅचमेंट असलेला एखादा, मराठीतला एखादा आणि पाठवलेल्यांतला एखादा उघडून पाहावा. ही तपासणी मायग्रेशन करणाऱ्याने नव्हे, मेलबॉक्स ज्याचा आहे त्याने करावी. कोणता फोल्डर महत्त्वाचा ते त्यालाच ठाऊक असते.

संस्थाचालकांना आणि मेलसेवा विकणाऱ्यांना आमची विनंती आहे की करारातच काही गोष्टी लिहून घ्याव्यात व द्याव्यात. सेवा संपल्यावर किमान ६० दिवस मेलबॉक्स आयमॅपने वाचता यावेत, नवा मेल स्वीकारला नाही तरी चालेल. मागणी केल्यास प्रत्येक मेलबॉक्स मेलडिर किंवा एमबॉक्स (फोल्डरचा सगळा मेल एकाच फाइलमध्ये) स्वरूपात मिळावा. खाते पुसण्याआधी लेखी सूचना यावी, आणि तीही त्याच बंद होणाऱ्या मेलवर नव्हे. एमबॉक्समध्ये मिळाला तर तो स्वीकारताना एक पाहावे: त्या स्वरूपात ‘फ्रॉम’ हा शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा अशी सुरू होणारी ओळ म्हणजे नव्या मेलची सुरुवात. मजकुरात अशी ओळ आली आणि काढणाऱ्या साधनाने तिच्यापुढे खूण घातली नसेल तर एका मेलचे दोन तुकडे होतात. फाइल थंडरबर्डमध्ये उघडून मेलची संख्या त्या छापील कागदाशी जुळली, की मगच पोच द्यावी.

आपले,
मेल सर्व्हरची देखभाल करणारे काही वाचक